एलियामामांची पहिली पंगत

एलियामामा साळव्यांनी जन्मात कुणावर विश्वास ठेवला असेल तर तो टेस्टरवर, आणि तोही ते आधी चालू प्लगात घालून तपासायचे. सोनईजवळच्या मिशनच्या दवाखान्यात ते तीस वर्षांपूर्वी टेलिफोनच्या वायरी ओढायला लागले. पुढं टेलिफोन गेले, इंटरनेट आलं, मामा ते बघून बघून शिकले, पण स्वभाव तोच राहिला. राउटरच्या खोलीला दोन कुलपं आणि दोन्ही किल्ल्या मामांच्या कमरेला. नुसता पंखा बंद पडला तरी मामा म्हणायचे, "कुनीतरी हात घातलाय."

या खेपेला मात्र सगळ्या दवाखान्यालाच तसं वाटत होतं. हृदयाचा डॉक्टर इथं नाही. रोज सकाळी नऊला पुण्याचे डॉक्टर व्हिडिओवरून पेशंट बघतात. तीन आठवडे झाले, बुधवार नाहीतर शुक्रवार आला की चित्र गोठायचं, आवाज तुटायचा. परवाच्या बुधवारी तर आसाराम नावाच्या म्हाताऱ्याला कुठलं इंजेक्शन द्यायचं हे सांगता सांगताच डॉक्टर पडद्यावरून गेले. म्हाताऱ्याला अँब्युलन्समध्ये घालून नगरला पळवावं लागलं. वाचला बिचारा, पण व्यवस्थापक जस्टिनसरांचं टाळकं फिरलं.

"मामा, शुक्रवारी दहापर्यंत मला नाव लिहून द्या," ते म्हणाले. "ज्याचं नाव, तो घरी."

आता संशय घ्यायचं काम सरकारी हुकमानं मिळाल्यावर मामांना काय, रान मोकळं. आधी त्यांनी केबलवाल्याला झाडला, मग औषधाच्या दुकानातल्या वाल्मिकचा मोबाईल पालथा घातला. शेवटी नजर येऊन थांबली ती निकिता सिस्टरवर. देवळाली प्रवराची पोरगी, पहिलीच नोकरी. बुधवार-शुक्रवारी सकाळची ड्यूटी तिचीच, आणि हातात मोबाईल. वर येता-जाता विचारायची, "मामा, च्या घेतला का?" कारणाशिवाय चहाचं कोण विचारतं? मामांना तिथंच पाणी मुरताना दिसलं. त्यांनी राउटरची नोंद काढली, तर दोन्ही वारी नवाच्या ठोक्याला तिचा मोबाईल दवाखान्याच्या वायफायवर.

"मी गोळ्यांची माहिती बघते त्यात," ती म्हणाली.

"समदे असंच म्हनत्यात."

"मामा, पेशंटच्या जिवाशी खेळली असा शेरा पडला तर दुसरा कुठला दवाखाना मला दारात उभं करनार न्हाई." मामांनी तेही खोटंच धरलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कागदावर तिचं नाव लिहिलं, घडी खिशात घातली आणि तिला रंगेहाथ धरायला राउटरसमोर बसले. नऊ वाजले. शेजारच्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज तुकड्यातुकड्यानं यायला लागला. मामांनी निकिताचा मोबाईल पडद्यावर काढला. वापर म्हणाल तर चिमूटभर.

मामा चक्रावले. राउटरमध्ये लाईन आधी कुणाला वाढायची याच्या पंगती त्यांनीच लावल्या होत्या. पहिल्या पंगतीत डॉक्टरांचा व्हिडिओ. त्याचं पोट भरेपर्यंत दुसऱ्याला वाढायचं नाही. मग कागदपत्रं, रिपोर्ट. सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं खायला, स्टाफचे मोबाईल. मग शेवटच्या पंगतीतली पोरगी पहिल्या पंगतीतला घास हिसकावणार कशी? उपाशी पहिलाच राहत असेल, तर खाणारा त्याच्याच पंगतीत बसलेला पाहिजे. ही एवढी साधी गोष्ट तीन आठवडे या माणसाच्या डोक्यात आली नाही, कारण डोक्यात निकिता होती.

मामांनी पहिली पंगत उघडली. पाहुणे दोन निघाले. डॉक्टरांच्याही वर एक नियम बसला होता, आणि जवळजवळ सगळी लाईन तोच खात होता. दवाखान्याच्या आवारातल्या चर्चमधला कॅमेरा. नियमापुढं शेरा होता, 'आईसाठी'.

शेरा मामांनीच लिहिलेला होता. लॉकडाऊनमध्ये चर्च बंद होतं. पाळकसाहेब एकटेच कॅमेऱ्यापुढं प्रार्थना करायचे, आणि गावाकडं मामांची ऐंशी वर्षांची आई बनुबाई मोबाईल कपाळाशी धरून ऐकायची. चित्र थांबलं की रडायची. मामांनी कुणाला न विचारता कॅमेऱ्याला सगळ्यांच्या वर बसवलं. देवाचं काम, आईचं काम, कोण नाही म्हणणार? तेव्हा कॅमेरा छोटा होता, खाऊन खाऊन किती खाणार. पण गेल्या महिन्यात चर्चच्या मंडळीनं वर्गणी काढून मोठा आणला, आणि बुधवार-शुक्रवारी नऊला तो प्रार्थनासभेसाठी चालू होत होता. काखेत कळसा आणि गावभर वळसा घालून मामा दमले होते.

खोटं कशाला बोला, मामांच्या मनात वाईट आलं. नियम गुपचूप पुसायचा, कागद सरांना द्यायचा. दोन कुलपं, दोन्ही किल्ल्या आपल्याकडं. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मग त्यांना आसाराम आठवला, स्ट्रेचरवरून नेताना त्यानं दाराची चौकट धरून ठेवली होती ते आठवलं. स्वतःची अशी किळस त्यांना कधी आली नव्हती.

त्यांनी कॅमेरा उचलून शेवटच्या पंगतीत बसवला. घडीभरात शेजारून डॉक्टरांचा आवाज सरळ यायला लागला, आणि "व्हय सर, देते," असं निकिता म्हणालेली ऐकू आली. मामांनी खिशातला कागद काढला, तिचं नाव खोडलं, खाली स्वतःचं लिहिलं. खोलीला एकच कुलूप लावून ते जस्टिनसरांच्या केबिनकडं निघाले.

व्हरांड्यात मोबाईल वाजला. आई होती.

"एलिया, आज पाळकसायब तोतरं बोलाया लागलेत. तोंड बी हलंना झालंय. तुज्या लायनीत कुनीतरी हात घातलाय बघ."

"व्हय आई. घातला हुता. सापडलाय त्यो."

"कोन हाय मेला?"

केबिनचं दार समोरच होतं. मामांनी कागद हातात घट्ट धरला.

"आधी सायबास्नी सांगून येतो," ते म्हणाले. "मग तुला सांगतो."