समोरची खुर्ची

सोमवार, तेरा मार्च, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटे. आमच्या डाळ कंपनीच्या बैठकीत सर उठले, स्वतःलाच म्हणाले, "खुर्ची बदला," आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. पुढच्या काही मिनिटांत जे घडले, त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आधी ते दोन शब्द समजून घ्यायला हवेत. लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कंपनीत नव्या कल्पना तपासण्याचे काम सरांकडे होते. ते मूळचे बिलोलीचे. नवे सुचणे हे रोजच्या दळणासारखे नेमाने व्हावे, असा त्यांचा आग्रह. म्हणून दर महिन्याला बैठक आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एकीत बसून आपली कल्पना मांडायची. मग सर म्हणत, "उठा. खुर्ची बदला." समोर बसून त्याच कल्पनेचे वाभाडे आपणच काढायचे आणि तिथूनच दहापैकी गुण द्यायचे. सातच्या खाली कल्पना बंद.

"लोकांनी नावं ठिवायच्या आधी आपणच ठिवून घ्यावीत," ते म्हणत.

मालकांचीही सुटका नव्हती. पाकिटावर नातवाचा फोटो छापायची कल्पना त्यांनी मोठ्या हौसेने मांडली. खुर्ची बदलल्यावर फोटो पुन्हा निरखून म्हणाले, "पोरगं माझ्यावर गेलंय. डाळ खपायची न्हाई." गुण दिले दोन.

औशाहून येणारे आमचे फोरमन एकदा कुरकुरले, "सर, ही सवय घरी लागली. परवा बायकोसंगं भांडता भांडता मी मधीच तिच्या बाजूनं बोलाय लागलो."

"मग?"

"मग काय! घाबरून माहेरी फोन लावला की तिनं!"

सर हसले नाहीत. "गुण किती दिले?" एवढेच त्यांनी विचारले.

मी रसायनशास्त्र शिकलेली. तुरीच्या टरफलापासून रोपांचे ट्रे बनवायचे, ते रोपासकट मातीत पुरायचे, ही कल्पना माझी. एप्रिलच्या बैठकीत ती पार झाली तर प्रकल्पप्रमुख मी होणार होते. ते पद मला हवे होते आणि मी ते कुणापासून लपवले नव्हते.

"पद मिळंल, मॅडम," सर म्हणाले होते. "आधी ट्रेला पाणी तर पाजा."

त्या सोमवारी सरांनी मांडलेली कल्पना होती ही बैठकच. पहिल्या खुर्चीतून त्यांनी तिचे कौतुक केले. आम्ही माना डोलावल्या. मग खुर्ची बदलून ते म्हणाले, "जानेवारीत मी तापानं नांदेडला लेकीकडं पडलो होतो. त्या महिन्याच्या बैठकीत खुर्ची कुणी बदलली? कुणीच न्हाई. म्हणजे ही पद्धत न्हाई, माझी लहर हाय. गुण तीन."

आणि त्यांनी राजीनामा मालकांपुढे सरकवला. "माझ्याबिगर चालवून दाखवा. न्हाई चालली तर बंद करा."

"अहो, असं कसं? चहा तरी घ्या!" मालक म्हणाले.

"चहा घेतला की माणूस बसतो, दादा."

फोरमनच्या हातातला पेन तसाच अधांतरी राहिला. मी धावत फाटकापर्यंत गेले. सर रिक्षात बसत होते.

"सर, पुढच्या महिन्यात माझी बैठक आहे!"

"म्हणून तर," ते म्हणाले.

तुम्ही प्रयोगशाळा पाहिली असेल, तर जाणताच : प्रयोगातून एकेक घटक काढून बघतात. पण घटक आपणहून उठतो आणि रिक्षा करून बसस्थानकाकडे निघून जातो, हे मी प्रथमच पाहत होते. रिक्षा वळली तरी मी तिथेच उभी होते.

एप्रिलमध्ये मी ट्रे मांडले. मालकांनी टाळी वाजवली. "पास! पुढं चला." फोरमन फाइल मिटून उठू लागले. समोरची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हते.

आदल्याच शुक्रवारी पाणी घालताना एका ट्रेचा तळ रोपासकट माझ्या हातात आला होता.

मी उठले.

"मॅडम, झालं की! बसा आता," फोरमन म्हणाले.

मी बसले, पण समोरच्या खुर्चीत. शुक्रवारचे सगळे सांगितले. मालकांचा चेहरा उतरला.

"गुण किती दिले?" फोरमननी विचारले, अगदी सरांच्या सुरात.

मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिले : चार.