एकशेवीस पौंडांच्या आतले मामा

भरल्या ताटासमोर बसून आयुष्यभर उपाशी राहिलेला माणूस अख्ख्या पुण्यात माझ्या मामेसासऱ्यांशिवाय दुसरा झाला नसेल. उपास करणारे पुष्कळ असतात, पण त्यांचा उपास दुसऱ्या दिवशी सुटतो आणि सुटतो तो चार पोळ्या नि दोन वाट्या श्रीखंडावर सुटतो. मामांचा सुटत नसे. तो देवासाठी नव्हता, प्रकृतीसाठी तर नव्हताच. तो होता एका लाकडी ग्लायडरसाठी. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. तारेने ओढून वर सोडायचं आणि मग उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेत घारीसारख्या घिरट्या घालत राहायचं. मामांच्या ग्लायडरमध्ये एकाच माणसाची जागा होती, आणि त्या माणसाचं वजन एकशेदहा पौंडांच्या खाली नि एकशेवीसच्या वर असून चालत नसे. अशा मापाचा माणूस आमच्या माहितीत एकच होता. तोही मुळात तसा नव्हता. त्याने स्वतःला तसं करून ठेवलं होतं.

मामा खडकीच्या एका कारखान्यात नकाशे काढायला होते. स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-बारा वर्षं ती. आता सगळं आपलं आपणच करायचं असं लोकांनी मनावर घेतलं होतं, आणि मामांनी जरा जास्तच घेतलं. शहराबाहेर ग्लायडर उडवायचं मैदान होतं, तिथे ते दर रविवारी सायकलने जात. परदेशी ग्लायडरं बघून आल्यावर घरी बसून स्वतःचं आखत. सहा नकाशे फाडले. सातवा जमला, म्हणून ग्लायडरचं नावही 'सात नंबर'च पडलं. घोटाळा एवढाच झाला, की सातवा नकाशा काढला तेव्हा मामा नुकतेच टायफॉइडमधून उठले होते. चाळीस दिवस नुसत्या पेजेवर काढलेला माणूस काट्यावर उभा राहिला, काट्याने एकशेपंधरा पौंड दाखवले, आणि मामांनी ते 'वैमानिकाचं वजन' म्हणून नकाशात लिहून टाकलं. बसायची जागा तेवढीच अरुंद आखली, नाकाचा नि शेपटीचा तोल त्याच हिशेबाने बसवला. लाकडाच्या पातळ फळ्या, सरस आणि सुती कापड जमवून ग्लायडर उभं राहायला तीन वर्षं गेली. तोवर मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने नकाशा बदलला असता. मी एकदा तसं विचारलंही. मामा म्हणाले, "जावईबापू, नकाशावर सही झाली होती." मग त्यांनी नकाशाऐवजी स्वतःला बदललं, आणि जन्मभर टायफॉइडमधून नुकते उठल्यासारखे राहिले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. पंगतीत माझ्या समोर बसले होते. पानात लिंबाएवढा भात, त्यावर वरणाचा ठिपका, आणि उजवीकडच्या माणसाच्या जिलबीकडे अशी नजर, की त्या बिचाऱ्याने जिलबी हाताखाली झाकून घेतली. आमचे एक काका आग्रहाला वाकले तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "वाढा की. पण मग उडायला तुम्ही जा." काकांना काही कळलं नाही. त्यांनी ती जिलबी मला वाढली. ती जी सुरुवात झाली, ती पुढे तीस वर्षं चालू राहिली. मामांचं न खाल्लेलं सगळं मी खाल्लं. मी पडलो शाळामास्तर, बसून शिकवणारा. आज माझं जे पोट आहे ते त्या घरचं आहे.

कारण मामी. परमेश्वराने कुणाच्या हाताला काय चव द्यावी याला काही धरबंध नसावा, आणि ती नेमकी कुणाच्या घरात द्यावी यालाही. मामीने नुसती वांगी भाजली तरी मजल्यावरची दारं उघडत. आणि तिचा नवरा रोज सकाळी चालत खडकी स्टेशनावर जाऊन वजनाच्या यंत्रात नाणं टाकणारा. यंत्रातून तिकीट पडे, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य मामांनी कधी वाचलं नाही. "मला पुढची बाजू पुरे," म्हणत. त्या बाजूला एकशेवीसच्या जवळचं काही दिसलं, की घरी येऊन ताटात फक्त काकडी. पुढे यंत्रावर किलो आले, तरी मामा मनात गुणाकार करून पौंडच सांगत. मामी काही बोलत नसे. ताट झाकून ठेवी, आणि आम्ही आलो की उघडी.

'सात नंबर' एकूण तीन स्पर्धांत उतरलं, आणि तिन्हींत मामी बरोबर होती. अशा ग्लायडरला पोटाखाली एकच चाक असतं. उभं असताना ते एका पंखावर कलतं, म्हणून सुटताना कुणीतरी दुसऱ्या पंखाचं टोक उचलून धरायचं आणि चार पावलं बरोबर पळायचं. बाकीच्यांकडे त्याला माणसं असत. मामांकडे मामी, पदर खोचून. पहिल्या स्पर्धेच्या सकाळी वजन दीड पौंडाने जास्त भरलं. आदल्या संध्याकाळी यजमानांनी आग्रहाने वाढलेल्या खिरीचा तो परिणाम. मामांनी बूट काढले, घड्याळ काढलं, कंबरपट्टा काढला आणि शेवटी जाड भिंगांचा चष्माही मामीच्या हातात दिला. काटा बसला. त्या दिवशी एका टेकडीवरच्या देवळाला वळसा घालून परत यायचं होतं, आणि देवळाशी दुर्बिणी घेऊन पंच बसले होते. मामांनी वळसा घातला, अगदी नमुनेदार घातला, पण भलत्याच टेकडीवरच्या भलत्याच देवळाला. सगळ्यांत जास्त अंतर कापून परत आले आणि गुण मिळाले शून्य. मामांनी तक्रार केली नाही. म्हणाले, "पंचांचं बरोबर आहे. मी तिथे नव्हतोच."

दुसऱ्या स्पर्धेत हवा पडली आणि मामा मांजरी गावच्या उसात उतरले. ऊस दोन पुरुष उंच, त्यात ग्लायडर आणि मामा दोन्ही दिसेनासे झाले. शोधायला गेलेल्यांना दुपार झाली. पोचले तेव्हा शेतकरी बांधावर रुसून बसला होता. ऊस मोडला याचं त्याला काही नव्हतं. "आमच्यात पडल्यात, आन् आमचा रसबी घेईनात," तो म्हणाला, "पेला धरून उभा हाय मगाधरनं." मामा घामाने थबथबले होते, ओठ कोरडे पडलेले, आणि उसाच्या रसाचं वजन किती भरतं याचा विचार करत उभे. शेवटी तो पेला मामीने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचा राग गेला.

तिसरी स्पर्धा मात्र 'सात नंबर'ची होती. निदान तिच्यातला एक दिवस. आभाळ मळलेलं, ऊन मेलेलं. मोठी, जड, परदेशी ग्लायडरं वर जात आणि पाच-सात मिनिटांत खाली बसत. मामांचं हलकं, आणि आत बसलेला माणूसही हलका. नसल्यासारख्या हवेवर ते दोन तास तरंगत राहिलं. त्या दिवसाचा पहिला नंबर त्यांचा. उतरल्यावर कुणीतरी पेढे आणले. मामांनी वास घेतला आणि डबा माझ्याकडे दिला. खरं सांगतो, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. जिंकलेल्या माणसाने एक पेढा खायला काय हरकत होती?

पुढे काचतंतूंची गुळगुळीत ग्लायडरं आली आणि 'सात नंबर' शेडच्या मागच्या भिंतीला लागलं. मामा निवृत्त झाले, पण उपास चालू राहिला. उडायला काही नसताना ते दरवर्षी परवाना नवा करून घेत. याला आम्ही सगळ्यांनी पुरेसं हसून घेतल्यावर एका वर्षी मैदानाच्या व्यवस्थापकांचा निरोप आला. शेड मोकळी करायची आहे, 'सात नंबर' एका कॉलेजात छताला टांगायला जाणार, पण त्याआधी जुन्या मंडळींसमोर ते एकदा उडावं असं सगळ्यांना वाटतंय. मामांनी लगेच कामाला हात घातला. दोन महिने रोज मैदानावर जाऊन कापड बदललं, सरस तपासला. तपासनिसांनी ग्लायडर पास केलं. मग मामा काट्यावर उभे राहिले, आणि काट्याने एकशेसात पौंड दाखवले.

जन्मभर वरच्या आकड्याची धास्ती घेतलेला माणूस खालच्या आकड्याशी अडला. आणि खालचाच जास्त वाईट. जड माणूस बसला तर ग्लायडर नुसतं नाक खाली घालून लवकर उतरतं. हलका बसला तर शेपूट जड होते आणि ते हवेत अडखळून कोसळतं. खिशात शिसं घालावं तर सुटं वजन सरकतं म्हणून मामांनी स्वतःच नकाशावर तांबड्या शाईने ते मना केलेलं. व्यवस्थापक भला माणूस. हळूच म्हणाला, "मामा, एकशेदहा लिहू का? तीन पौंडांनी काय होतंय?" मामा म्हणाले, "तीन पौंडांनी काय होतं ते मीच काढलंय. एकशेसात लिहा." मग पावसाळा सरल्यावर बघू असं ठरलं. "तोवर जरा खा," व्यवस्थापक म्हणाला.

आणि मामा खाऊ लागले. मामीचे ते चार महिने मी विसरणार नाही. पुरणपोळी, डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा, अळूचं फदफदं. तीस वर्षांचं साठलेलं सगळं तिने त्या ताटात ओतलं. मामा सुरुवातीला औषध घ्यावं तसे खात होते. एकदा बासुंदीची वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "अगं, हे तू नेहमी असंच करतेस?" मामी म्हणाली, "नेहमी." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी समोरच होतो. माझ्या हातात दुसरी वाटी होती, आणि मला त्या वाटीची लाज वाटली.

वजन वाढलं नाही. एकशेपाच झालं, एकशेदोन झालं. तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो, फार उशिरा गेलो. पोटातल्या त्या गाठीचं नाव डॉक्टरांनी सांगितलं आणि आता करण्यासारखं काही नाही हेही सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. "म्हणजे काटा बरोबर होता," एवढंच म्हणाले. मामी स्वयंपाक करत राहिली, मात्र भांडी दर आठवड्याला लहान होत गेली.

दिवाळीनंतर व्यवस्थापक घरी आला. मैदानावर उडणाऱ्यांची यादी घेऊन बसला. एकशेचाळीस, एकशेसाठ, एकशेपंचावन्न. बसेल असा एकही नव्हता. मामा म्हणाले, "राहू दे. तसंच न्या कॉलेजात." त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. मामीने चहाचे कप ठेवले आणि विचारलं, "अहो, तुमच्याकडे मुली उडत नाहीत का?" व्यवस्थापक म्हणाला, "उडतात की. तिघी आहेत." मामी म्हणाली, "मग त्यांची वजनं?" व्यवस्थापकाने यादी पुन्हा चाळली. यादीत त्यांची नावंच घेतली नव्हती. तीस वर्षं 'या मापाचा माणूस पुण्यात नाही' म्हणून आम्ही हळहळत होतो. माझ्या दोन मुली घरात त्याच मापाच्या, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

मामा गेले त्याच्या सव्वा महिना आधी 'सात नंबर' उडालं. उडवणारी मुलगी त्या तिघींतली, कॉलेजात शिकणारी, काटक, हसरी. शाल गुंडाळून खुर्चीत बसलेल्या मामांनी तिला विचारलं, "काही खाऊन आलात?" ती म्हणाली, "मिसळ. दोन प्लेट." काट्यावर एकशेचौदा भरली. मामांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाले, "नाक ओढू नका. ते आपणहून वर येतं." पंख धरायला दोघं-तिघं पुढे आले होते, पण मामी कुणाला न विचारता टोकाशी जाऊन उभी राहिली. तार ताणली, मामी चार पावलं पळाली, आणि ते जुनं लाकूड सरळ वर गेलं. माझे डोळे भरून आले, लपवण्यात काही अर्थ नाही.

मामी धापा टाकत येऊन खुर्चीशी उभी राहिली. मामा मान वर करून पाहत होते. "डावीकडे थोडी हवा आहे, घेईल ती," असं काहीतरी पुटपुटत होते. मामीही वरच बघत होती.

"लग्नात मी एकशेतेरा होते," ती म्हणाली.

मामांनी वर बघतच विचारलं, "काय एकशेतेरा?"

"पौंड. तुम्हीच उभं केलं होतंत त्या यंत्रावर. नंतर दोन बाळंतपणं झाली तरी एकशेअठराच्या वर गेले नाही कधी."

ग्लायडर आमच्या डोक्यावरून वळलं. आवाज काहीच नाही, नुसती सावली गवतावरून सरकत गेली. मामा म्हणाले, "मग बोलली का नाहीस?"

"कुणाशी बोलू? तुम्ही वर असायचात."

मामांनी मान खाली घातली. 'सात नंबर' त्या दिवशी अर्धा तास वर होतं, आणि इतकं अलगद उतरलं की जुनी मंडळी टाळ्या वाजवत पळाली. मामांनी ते उतरताना पाहिलं नाही. ती मुलगी धावत आली, केस विस्कटलेले, गाल लाल. खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसून तिने विचारलं, "मामा, कुठे काही चुकलं का?"

मामांनी हाताने चाचपत मामीचा पदर धरला.

"नाही," ते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही."