टाकीतलं विञ्ञाण

"मॅडम, आमची तीन बाळं न्यायला आलोत," मिलिंद म्हणाला.

त्याच्या शेजारी त्याची बायको सुजाता उभी होती. मागच्या खुर्चीत त्याची आई गयाबाई बसल्या होत्या, पांढरी साडी, मांडीवर पिशवी. बिडकीनहून सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले होते तिघं. चहासुद्धा नको म्हणाले.

बाळं म्हणजे काय ते आधी सांगते. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये काचेच्या दाराआड जे चालतं ते माझं काम. डॉक्टर स्त्रीबीज काढून देतात. मी लॅबमध्ये त्याचा शुक्राणूशी मेळ घालते आणि तयार झालेले भ्रूण पाच दिवस इन्क्युबेटरमध्ये सांभाळते. पाचव्या दिवशी त्यातला एक गर्भाशयात सोडतात, त्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. उरलेले भ्रूण प्लॅस्टिकच्या बारीक स्ट्रॉवर घेऊन लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत गोठवायचे. टाकी दिसायला दुधाच्या मोठ्या कॅनसारखी असते. आतली थंडी मात्र आपल्या कल्पनेपलीकडची.

सुजाताचे तीन भ्रूण आमच्या टाकीत होते. पहिल्याच ट्रान्सफरला तिला मुलगी झाली होती. पण बाळंतपणात तिचं बीपी इतकं चढलं की झटके आले, किडनीवर परिणाम झाला, आयसीयूत ठेवावं लागलं. आमच्या डॉक्टर मॅडम आणि किडनीचे डॉक्टर, दोघांनीही बजावलं होतं की आता पुन्हा दिवस राहिले तर बाई हाताला लागणार नाही. ट्रान्सफर करायला मॅडमनी साफ नकार दिला होता. म्हणून हे लोक भ्रूण दुसऱ्या शहरातल्या सेंटरला हलवायला आले होते.

"तिथं आयसीयूचं सांगणार ना?" मी विचारलं.

"बघू," मिलिंद खाली बघत म्हणाला.

मी काय समजायचं ते समजले. कायद्याने भ्रूण त्यांचे. ते मागत असतील तर मी फार तर उशीर लावू शकत होते. तेवढा मी लावला. प्रवासाची छोटी टाकी नायट्रोजनने भरून घ्यावी लागेल, परवा या, असं सांगितलं. मग न राहवून विचारलं, "मुलगी आहे ना घरात? मग एवढा जिवावरचा हट्ट कशासाठी?"

मिलिंद म्हणाला, "मुलाबिलाचं काय नाय मॅडम. पोरगी आमची लाडकी हाय. पण ह्या तिघांचं काय करायचं?"

"ठेवा तशीच. नाहीतर डिस्कार्ड करा."

डिस्कार्ड हा शब्द गयाबाईंना बरोबर कळला. त्या उठून उभ्या राहिल्या. "अवं बाई, तुमीच तर म्हणलात, बाळं झोपलीत म्हणून! मग झोपलेल्याला फेकून द्यायचं व्हय? अन् ठेवायचं तरी किती दिस त्यायला थंडीत?"

ते वाक्य आमच्याच काउन्सेलरचं. पेशंटला धीर यावा म्हणून सेंटरमध्ये सगळ्यांना सांगतात, "तुमची बाळं आमच्याकडे शांत झोपलीत." शिवाय मायक्रोस्कोपमधून काढलेला भ्रूणांचा फोटो गुलाबी पाकिटात घालून देतात, वर लिहिलेलं असतं, बाळाचा पहिला फोटो. मला हा प्रकार कधीच आवडला नाही. मी मीटिंगमध्ये बोललेही होते. "अगं, लोकांना बरं वाटतं," मॅडम म्हणाल्या होत्या.

गयाबाईंनी तो फोटो घरी बुद्धमूर्तीशेजारी लावला होता. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज धम्माचं वाचन चालतं. तिथं त्यांनी माणूस कसा झाला ते ऐकलं होतं. सुरुवातीला जीव उजेडाचे होते, त्यांना ना हातपाय ना पोट, आनंदावर जगायचे आणि अंतराळात फिरायचे. पुढे त्यांना मातीची चव लागली. खाता खाता अंग जड झालं, उजेड गेला आणि माणसं झाली. आता पाचव्या दिवसाचा भ्रूण मायक्रोस्कोपखाली दिसतो तो अंधारात लख्ख चमकणारा गोळा. गयाबाईंनी फोटो पाहिला आणि त्यांची खात्रीच पटली.

"उजेडाचेच हायत ते," त्या मला म्हणाल्या. "विञ्ञाण उतरलंय त्यायच्यात."

"आई, आपण आत्मा मानत नाय," मिलिंद वैतागून म्हणाला.

"आत्मा कोन म्हणतंय रे? विञ्ञाण म्हणत्येय मी. जाणीव. दोन्ही येगळं असतंय, विहारात आला असतास तर कळलं असतं."

मी सुजाताकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "माझी तयारी हाय मॅडम." तिच्या पायांवर तेव्हाही सूज होती.

ते गेल्यावर मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"तू समजाव ना त्यांना," मॅडम म्हणाल्या. "तू वैजापूरची. तुला गावाकडच्या माणसांशी बोलता येतं."

"मी वैजापूरची आहे मॅडम, विहारातली नाही. आमच्या घरी एकादशी असते. विञ्ञाणाचं मला काय विचारता?"

"मग ज्याला कळतं त्याला बोलव. पण सुजाता इथून टाकी घेऊन गेली तर मला झोप लागणार नाही."

मी गयाबाईंना फोन लावला आणि म्हटलं, परवा येताना तुमच्या विहारातल्या भिक्खूंना, भंतेजींना, घेऊन या. त्या खूश झाल्या. मी मनातून धास्तावलेली. भंतेजी गयाबाईंच्याच बाजूने बोलले तर? मग ती टाकी मीच भरून द्यायची होती.

भंतेजी आले. चाळिशीचे असतील, पाली शिकलेले, बोलणं हळू आणि स्वच्छ. तिघांनी त्यांना वंदन केलं. काउन्सेलिंग रूममध्ये आम्ही बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न मला केला.

"गोठल्यावर त्याच्यात काय चालू असतं?"

"काहीच नाही. वाढ नाही, बदल नाही. पण बाहेर काढून ऊब दिली की बहुतेक वेळा पुन्हा वाढायला लागतो."

"मग गोठलेला असताना जिवंत म्हणायचा की मेलेला?"

"आम्ही दोन्ही म्हणत नाही. फ्रोझन म्हणतो."

भंतेजी हसले. "आणि सगळे रुजतात?"

"नाही. दिसायला अगदी सारखे असतात. एक रुजतो, एक नाही रुजत. का, ते मला सांगता येत नाही. इतकी वर्षं बघतेय, तरी नाही."

ते गयाबाईंकडे वळले. "गर्भ राहायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात असं आपल्याकडे मानतात. आईबाप एकत्र यावेत, आईचा काळ योग्य असावा, आणि जन्माला येणारं विञ्ञाण तिथं यावं. पण विञ्ञाण म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नाही, बाई. ते आगीसारखं आहे. लाकूड असेल तर आग, लाकूड संपलं की आगही नाही. कशाच्या तरी आधाराने ते उपजतं."

"मग टाकीत हाय का नाय?" गयाबाईंनी थेट विचारलं.

"मला माहीत नाही."

मला वाटलं होतं, भंतेजी नाही म्हणतील आणि काम होईल.

"ज्यांनी हे सांगितलं त्यांच्या काळी ही टाकी नव्हती," भंतेजी म्हणाले. "मला माहीत आहे असं म्हणालो तर ते खोटं होईल. खोटं न बोलणं हेही पंचशीलातलं एक शीलच आहे."

"म्हंजी असूबी शकतंय," गयाबाई म्हणाल्या. "मग कसं टाकायचं?"

मिलिंदने घड्याळाकडे पाहिलं. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात सुजाता बोलली. मान खाली, पण आवाज स्पष्ट.

"भंतेजी, माझ्यात हाय का?"

"काय?"

"विञ्ञाण. टाकीतल्यांचं कवाधरनं चाललंय. माझ्यात हाय का नाय ते कुणी इचारतच नाय." आणि ती रडायला लागली. "मला लई भ्या वाटतंय. माझी पोरगी अजून नीट बोलत बी नाय. मी मेले तर तिनं आई कुणाला म्हणायचं?"

मिलिंदचा चेहरा पाहवेना. माझेही डोळे भरून आले. कामावर मी स्वतःला कधी रडू देत नाही, म्हणून मला माझाच राग आला.

"तुझ्यात आहे, मुली," भंतेजी म्हणाले. "त्याबद्दल इथं कुणालाच शंका नाही. जीव घेऊ नये हे शील शंकेच्या जागेपासून नाही, जिथं शंका नाही तिथून सुरू करायचं."

गयाबाई उठल्या, सुनेजवळ जाऊन बसल्या आणि पदराने तिचं तोंड पुसू लागल्या. "मग आधी का नाय बोललीस गं? व्हय म्हणत गेलीस ती?"

"तुमी सारख्या म्हणायच्या, बाळं थंडीत हायत. मी कसं नाय म्हणू?"

टाकी त्या दिवशी हलली नाही.

काही आठवड्यांनी तिघं परत आले. दुसऱ्या जोडप्याला भ्रूण द्यायला कायदा परवानगी देत नाही. पहिलं मूल असल्यामुळे सरोगसीचीही परवानगी नव्हती. ठेवले तर सुजाताच्या मागचा घोर संपणार नव्हता. त्यांनी डिस्कार्ड करायचं ठरवलं होतं. तसं या वेळी सुजाताने स्वतः सांगितलं. गयाबाईंनी पिशवीतून मेणबत्ती आणि अगरबत्ती काढली. मी घाईने अडवलं. अगरबत्तीचा धूर लॅबच्या हवेत शिरला तर इन्क्युबेटरमधले भ्रूण खराब होतात. आम्ही तर अत्तर लावूनही कामावर येत नाही.

"दुसऱ्याच्या लेकरायला तरास नगं," म्हणत त्यांनी दोन्ही लगेच पिशवीत टाकलं. मग काचेच्या दाराबाहेर बसून तिघांनी हात जोडले आणि त्रिसरण-पंचशील म्हटलं. आत मी तीन स्ट्रॉ काढून स्टीलच्या ट्रेमध्ये उघड्यावर ठेवल्या; तशा ठेवल्या की भ्रूण संपतात. वरचं दव विरेपर्यंत उभी राहिले. त्यांचं म्हणणं संपेपर्यंत मी दार उघडलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे गुलाबी पाकीट बंद झालं. मॅडमनीच केलं, मीटिंग न घेता. भ्रूणाला भ्रूण म्हणायचं, बाळ जन्मल्यावर बाळ म्हणायचं, असं नव्या काउन्सेलरला पहिल्याच दिवशी सांगतो. टाकीत नक्की काय आहे, हे मला आजही सांगता येत नाही. पण जोडपं समोर बसलं, नवरा बोलून झाला, सासूही बोलून झाली, की मी खुर्चीतल्या बाईला विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" बहुतेक जणी आधी नवऱ्याकडे बघतात. मी थांबते.