तीन गावांचा दूधकरार

भूमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना काय काय बोललो ते विसरलो. दूधसंघाचे किस्से मात्र एक काढला की दुसरा हजर.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या. मी वर्गात महायुद्धात एकमेकांशी लढलेल्या युरोपातल्या देशांचा कोळसा-पोलाद करार शिकवला. पोरांपैकी कुणीतरी तो घरी सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील दत्तूअण्णा कॉलेजात आले. ते सोसायटीचे चेअरमन. त्यांचं गाव धरून शेजारशेजारची तीन गावं डेअरीला दुधाचे तीन अर्धे रिकामे टेम्पो पाठवत, परवडत कुणालाच नव्हतं. म्हणाले, "सर, ते तर लढाया करून एक झाले. आमचं नुसतं बांधावरनं वाकडं हाय. आमाला बी तसला करार लिहून द्या."

*

पहिली बैठक नावावरच अडली. संघाला कोणत्या गावाचं नाव द्यायचं? कुणी मागं हटेना. शेवटी तिन्ही शिवांवरून जाणाऱ्या कोरड्या ओढ्याचं नाव दिलं. अण्णा म्हणाले, "त्यात पाणीच न्हाय, मग भांडण कशापायी?"

*

तिन्ही गावांची संमती असल्याशिवाय ठराव नाही, हे कलम मी मोठ्या हौसेनं घातलं होतं. चहा साखरेचा की गुळाचा, यावर एक गाव अडलं. त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही. पुढच्या बैठकीत कलम बदलून बहुमत आणलं. बहुमताचा पहिला ठराव चहाचा!

*

सह्यांच्या दिवशी सुभद्राबाई उभ्या राहिल्या. त्या बौद्ध वस्तीतल्या, घरी दोन म्हशी. वस्तीचं दूध तेव्हा वेगळ्या कॅनमध्ये घेत. त्या शांतपणे म्हणाल्या, "गावं एक व्हायलीत, मग कॅन दोन कशाला?" माझ्या मसुद्यात हे नव्हतंच.  अण्णांनी तिथंच मला एकाच कॅनचं कलम लिहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम सोसायटीत बघायला गेलो. सुभद्राबाईंनी सगळ्यांच्या कॅनमध्ये सर्वांत आधी दूध ओतलं. त्यांच्यामागं अण्णांनी आपली किटली रिकामी केली. तिसरा गडी थबकला. आपल्याला दुसरा कॅन द्या म्हणाला.

सुभद्राबाईंनी कॅन त्याच्याकडं थोडा कलता केला. "ह्यातलं अण्णांचं कोणतं आन माझं कोणतं, तेवढं दाखवा. माझं मी काढून घेते."

तो वाकला. बराच वेळ कॅनमध्ये बघत राहिला. मग त्यानं आपली चरवी त्यातच ओतली.