मामीनं मागितलेली प्रार्थना

माझ्या मामाच्या हातचा पाव खाऊन आमची अख्खी गल्ली मोठी झाली. भट्टी पेटवण्याआधी तो मळलेल्या पिठावर हात ठेवून प्रार्थना करायचा. ती इतकी लांबायची, की मामी ओरडायची, "अहो, आवरा आता, पीठ फुगून परातीबाहेर चाललंय!" असा हा देवाचा माणूस साहेबांच्या नादी लागला.

साहेब म्हणजे आमच्या शहराचे सर्वेसर्वा. निवडणुकीत मामानं त्यांच्यासाठी घरोघर पायपीट केली. ते निवडून आले आणि भर सभेत त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. झालं! नळाला पाणी आलं नाही, की साहेब. पाद्रीबुवांचा खोकला हटेना, तरी साहेबच. पिठावरची प्रार्थना आखडत गेली आणि मग बंदच पडली. सकाळचा तो वेळ मामा साहेबांच्या दारात उभं राहण्यात घालवू लागला. माझं तर डोकंच फिरायचं.

एके दिवशी साहेबांनी मामाच्या एकुलत्या एका मुलीला, आमच्या ताईला, बंगल्यावर स्वयंपाकाला बोलावलं. राहायचंही तिकडेच. मामा हरखून गेला. मामीनं मात्र बायबल उघडून त्याच्यापुढे धरलं. लोक राजा मागायला आले, तेव्हा शमुवेल संदेष्ट्यानं त्यांना बजावलं होतं, की तो तुमच्या मुलीसुद्धा नेईल, स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला.

"अगं, ते राजे वेगळे," मामा हसला. "आपले साहेब घरच्यासारखे आहेत."

ताई गेली. सुट्टी साहेबांच्या मर्जीवर, म्हणजे जवळजवळ नाहीच.

पुढे मामीनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनं एकच ध्यास घेतला, ताईला डोळे भरून बघायचं. मामा धावतपळत बंगल्यावर गेला. तिथे मेजवानीची गडबड, आणि पाव मामाच्याच भट्टीतले. "पाहुणे जेवले, की लगेच गाडीनं पाठवतो. माझा शब्द," साहेब म्हणाले.

दुपार कलली तशी मामीला धाप लागली. मी तिचा हात धरून बसले होते.

"आली का गं?" तिनं विचारलं.

"येईल, येईल," मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "साहेबांनी शब्द दिलाय."

"त्यांचा शब्द राहू द्या आता. माझ्याजवळ बसा. प्रार्थना करा."

मामा पलंगाशी आला. डोळे मिटून "हे पित्या" एवढंच म्हणाला, तोच रस्त्यावर हॉर्न वाजला आणि तो उठून खिडकीकडे पळाला. गाडी दुसऱ्याच कुणाची तरी होती.

"थांब हं, पुढची तिचीच असेल," तो बाहेर बघतच म्हणाला. इतकी वर्षं मला त्याचा राग यायचा. त्या घडीला नुसतं रडू आलं.

मामीनं माझा हात दाबला. मला येत होती तेवढी प्रार्थना मी म्हटली. आमेन म्हणून डोळे उघडले, तेव्हा ती गेलेली होती. मामाची पाठ अजून आमच्याकडेच होती.