राणीचे रोहू

हे मी अजून माहेरीसुद्धा सांगितलेलं नाही. तुम्ही चहा घ्या, पण हसू नका.

बँकेतून यांची जयपूरला बदली झाली, त्याचं ते दुसरं वर्ष. आम्ही रत्नागिरीचे आणि शेजारीपाजारी सगळे शाकाहारी. मासा नजरेला पडेल तर शपथ. समोर प्राणिसंग्रहालयाचे डॉक्टर राहायचे. भला माणूस. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "भाभीजी, थोडी मछली भिजवा रहा हूँ, रानी के लिए. बेचारी कितने दिन से सुस्त पडी है. पानी में ही रखना, सुबह..."

पुढचं मी ऐकलंच नाही. आमची मुलगी मानसी, घरात तिला राणीच म्हणतो, नुकती तापातून उठलेली. ताट बघितलं की तोंड फिरवायची. परक्या गावात कोणी एवढी काळजी करावी? माझे तर डोळेच भरून आले. दहादा आभार मानून मी फोन ठेवला.

पाठोपाठ जीपमधून टब आला. सहा रोहू, चांगले फडफडणारे. पाण्यात कशाला ठेवायचे? डॉक्टरांना बिचाऱ्यांना मासळीतलं काय कळणार, म्हणत मी विळी घेतली. चारांचं कालवण केलं, दोन तळले. राणी पोटभर जेवली.

सकाळी डॉक्टर दारात, सोबत पिंजऱ्यावरचा खाकीतला माणूस. मी कौतुकाने सांगितलं, "रानीने छह टुकडे खाए."

डॉक्टर गोंधळले. "रानी ने? लेकिन उसे तो जिंदा देनी थीं."

आता मी गोंधळले. तापातून उठलेल्या पोरीला जिवंत मासे?

मग उलगडा झाला. रानी म्हणजे त्यांची वाघीण. जोडीदार गेल्यापासून ती नुसती कोपऱ्यात पडून असायची. हौदात जिवंत मासे सोडले तर ते पकडायला तरी उठेल, असा त्यांचा बेत होता. मासे आले तेव्हा तिकडचं फाटक बंद झालेलं, डॉक्टरांच्या घरात मासळी चालत नाही, म्हणून एका रात्रीपुरते आमच्याकडे. तिकडे हौदात पाणी भरून माणसं वाट बघत होती आणि माझ्या स्वयंपाकघरात अजून कालवणाचा वास.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "कोई बात नहीं. बच्ची ने खाया ना?"

चार दिवसांनी दुसरे मासे आले. डॉक्टरांनी आम्हालाही बोलावलं. मी अगदी मागे उभी राहिले. वाघीण आधी नुसती बघत बसली, मग धपकन हौदात उतरली. तोंडात मासा धरून वर आली, आमच्याकडे बघितलं आणि मासा घेऊन थेट पलीकडच्या टोकाला जाऊन बसली.

खाकीतला माणूस हळूच म्हणाला, "पहचान गई आपको, भाभीजी."