आलू घासलेला आरसा

माझे सासरे उकंडराव यांचं आयुष्यात कोणाशी वैर नव्हतं. एक वाफ सोडून.

मेडशीच्या डाकबंगल्याचे ते चौकीदार. चौकीदार म्हणायचं एवढंच. झाडलोट, स्वयंपाक, बंब पेटवणं, साहेबांच्या बुटांना पॉलिश, सगळं तेच करायचे आणि तोऱ्यात करायचे. बंगला सरकारचा असला तरी ते 'माहा बंगला' म्हणत. त्यावर कोणी हसलं की त्या माणसाला त्या दिवशी चहा मिळत नसे.

त्या बंगल्याच्या न्हाणीत भिंतीला एक मोठा आरसा होता. खिडकी एकच, तीही गंजून कायमची बंद झालेली. हिवाळ्यात साहेब लोक बंबाचं कढत पाणी बादलीत काढून घेत, की आरसा पांढराफटक. मग दाढी अंदाजाने. साहेब बाहेर येत ते हनुवटीला कागदाचा कपटा चिकटवून आणि कपाळाला आठ्या घालून. उकंडरावांना वाटे, हे रक्त आपल्यामुळेच निघालं.

"माह्या बंगल्यात मानूस आंघोळीले जाते अन् रगत घेऊन बाहेर येते," ते म्हणत, "हे काही बरं नाही बाप्पा."

आधी त्यांनी आरशाशेजारी फडकं टांगलं. पुसून साबणाला फेस येईपर्यंत आरसा पुन्हा पांढरा. मग बंगल्यात वीज आली. वायरमन गोविंदसिंग याला चहा पाजून पाजून त्यांनी आरशाच्या बरोबर वर एक बल्ब लावून घेतला. दिव्याच्या गरमीने वाफ पळेल असा त्यांचा हिशेब होता. पळालीही, पण बल्बाखालच्या भाकरीएवढ्या जागेतून. उंच साहेबांना आपलं कपाळ दिसू लागलं, बुटक्यांना तेही नाही. एका बुटक्या साहेबांसाठी त्यांनी स्टूल नेऊन ठेवलं. साहेब वर चढले, डोकं बल्बाला चिकटलं, आणि स्टूल त्याच दिवशी बाहेर आलं. त्या बल्बाचा खरा फायदा एवढाच झाला, की वाफ आता स्वच्छ दिसायला लागली.

त्यानंतर साबण. कोरडा साबण चोळून पुसला तर आरसा वाफ धरत नसे, पण काचेवर असे पट्टे उमटत की साहेबाला आपण गजाआड उभे आहोत असं वाटावं. ते पट्टे काढायला एकदा सासूबाई, लिलाबाई, भाजी चिरता चिरता उठून गेल्या आणि हातातला अर्धा बटाटा आरशावर घासून मोकळ्या झाल्या. वरून कोरडं फडकं फिरवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांची आंघोळ झाली, दाढी झाली, आरसा लख्ख! उकंडरावांनी तो शोध ताबडतोब स्वतःच्या नावावर केला. रोज सकाळी नवा बटाटा कापून घासावा लागे, कालचा आज चालत नसे, पण एका आंघोळीला तो हमखास पुरे. त्या हिवाळ्यात डाकबंगल्यात एकाही हनुवटीला कागद चिकटला नाही.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. वऱ्हाडात बटाट्याला आलू म्हणतात. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं आणि त्याची शिक्षा माझ्या तोंडाला झाली.

मी फलटणकडचा, एस.टी.त कंडक्टर. नुकताच बदली होऊन वाशीमला आलो होतो. डेपोत जेवण रांधणारा आमच्याच बाजूचा, त्यामुळे इकडच्या भाज्यांची नावं कानावर पडायचा योग आला नव्हता. गाडी मेडशीला थांबली की मालेगावच्या शिवणक्लासला जाणारी एक मुलगी चढायची. तिकीट घेताना ती माझ्याकडे बघायची नाही आणि मी मात्र पंच भलत्याच आकड्यावर मारायचो. ती वच्छला, चौकीदाराची मुलगी, आपल्याच समाजातली, हे कळल्यावर मी पत्र पाठवून मामांना बोलावून घेतलं. खोटं कशाला बोलू, तिने नाही म्हटलं असतं तर मी तो रस्ता सोडून दुसरीकडे बदली मागितली असती.

पाहण्याच्या दिवशी मी आणि मामा पहिल्या गाडीने मेडशीला उतरलो. थंडी अशी की दात वाजत होते. उकंडराव फाट्यावरच उभे.

"जयभीम पाव्हने! असं धुळीनं भरेल तोंड घेऊन पोरगी पाहता काय? आज साहेब नाही. माह्या बंगल्यात आंघोळ करा, दाढी करा, मंग घरी चला."

मामांना त्यांनी ओट्यावर बसवलं, मला न्हाणी दाखवली, बल्ब लावला आणि बादलीत वाफाळतं पाणी ओतलं. घाईने निघता निघता म्हणाले, "आंघोळीच्या आंधी आरशाले आलू घासजा बरं का! मागंच हाय, एक घ्या न् घासा. पाहा मंग मजा!"

'मागं' म्हणजे मागच्या स्वयंपाकघरातल्या टोपलीत. मी मागचं दार उघडलं तर समोर परसात, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं, हिरवंगार अळू! अळूलाच इकडे आलू म्हणत असणार, माझी तर खात्रीच पटली. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाही हे आमच्याकडे पोरंही जाणतात. आरशावर तरी कसा ठरेल? मनातल्या मनात मी होणाऱ्या सासऱ्याला शाबासकी दिली. हाताएवढं पान तोडलं, चुरगाळलं आणि जीव लावून आरशावर घासलं.

आरसा हिरवा झाला. वाफ गेली नाहीच, उलट तिच्यामागे आता चिखल झाला. मी वैतागलो आणि त्याच हातांनी तोंडाला साबण लावला. अर्धी दाढी होते न होते तोच गाल चुणचुणला, मग ओठ, मग मान. बाहेर आलो तेव्हा एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर खुंट, आणि दोन्ही लालबुंद. ओठ तर वडापावातल्या वड्यासारखे फुगलेले. मामा ओट्यावरून उठलेच.

"आरं तोंड हाय का काय हे? कोण पोरगी देईल तुला आता?"

उकंडराव दूध घेऊन परतले, मला बघितलं, आत जाऊन आरसा बघितला आणि मटकन खाली बसले. "माह्या आरशानं माह्या पोरीचं लगन मोडलं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले.

मग सासूबाईंना बोलावणं गेलं. पण चिंचेचं पाणी घेऊन धावत आली ती वच्छलाच, पिठाच्या हातांनी, घरातल्या साध्या लुगड्यात. म्हणजे मी तिला पाहायच्या आधी तिनेच मला पाहिलं, आणि तेही असं! चिंचेचं पाणी माझ्या पुढ्यात ठेवत तिने विचारलं, "कायनं झालं जी?"

"अळूनं," मी जमेल तेवढ्या ओठांनी म्हणालो आणि परसाकडे बोट केलं.

तिने त्या पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अवो, तो चमकुरा हाय! आलू म्हंजे भाजीचा आलू!" आणि टोपलीतून एक बटाटा आणून माझ्या हातावर ठेवला. तिचं तोंड इतकं गंभीर होतं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी बैठक ठरल्याप्रमाणे त्यांच्या घरी झाली. चिंचेने आग थोडी उतरली होती, सूज नव्हती उतरली. वच्छला चहा घेऊन आली. मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, "भाजी कशाकशाची येते गं तुला?"

"आलूची येते," ती खाली मान घालून म्हणाली. "पन कोनत्या आलूची करू, ते तुमच्या भाच्याले इचारा."

आधी सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग मामांच्या हातातला चहा बशीत सांडला आणि ते मांडीवर थाप मारून असे हसले की रस्त्यावरची दोन माणसं डोकावून गेली. "आमच्याकडून पसंत!" त्यांनी तिथल्या तिथे डबल बेल दिली.

पण उकंडराव हसले नाहीत. "पोरीले इचारल्याबिगर मी हो म्हननार नाही जी," ते म्हणाले. "वच्छले, तुह्या मनात काय हाय? कोनाची भीड धरू नको."

वच्छलाने पदर खोचला. मग म्हणाली, "न्हानी खराब झाली. आंधी थे धुऊन येतो," आणि उठून बंगल्याकडे गेली. न्हाणी धुवायला जाणं म्हणजे नाही म्हणायची सभ्य रीत असावी, असंच मला वाटलं. ती बऱ्याच वेळाने परतली ती थेट चुलीपाशी. कोणाकडे बघितलं नाही.

उकंडरावांना बैठकीत बसवेना. "चला मामासाहेब," ते उठले, "पाव्हन्याईनं माह्या आरशाचं नाव खराब केलं. खरा आलू कसा काम करते ते दाखवतो तुमाले." मीही त्यांच्यामागे गेलो, कारण घरात बसून करणार काय?

न्हाणी स्वच्छ झाली होती. आरसा धुऊन पुसून कोरडा. उकंडरावांनी बल्ब लावला आणि सांगितलं, "आंधी बिनआलूचा पाहा, मंग आलूचा." त्यांनी बंबाचं कढत पाणी बादलीत सोडलं. वाफ उठली, छताला लागली, आरसा पांढरा पडत गेला. पण मधोमध काही रेघा पांढऱ्या होईनात. काच तिथे तशीच लख्ख राहिली. एक अक्षर दिसलं, मग दुसरं. कापलेल्या बटाट्याच्या कडेने कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, आणि वाफ चढली तशी ती अक्षरं उजळत गेली.

उकंडरावांनी एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं, "प... संत... हाय."

क्षणभर त्यांना कळेना. मग कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही, आणि मी ते चमकुऱ्यावर ढकललं. मामा सासूबाईंना बोलवायला दाराकडे वळले. तेवढ्यात, जन्मभर वाफेच्या मागे हात धुऊन लागलेला तो माणूस बादली तशीच टाकून धावला आणि दोन्ही हातांनी दार लोटत ओरडला,

"दार लावा, दार लावा! वाफ जाईन!"